रूपकाची गाडी शेवटच्या स्टेशनात शिरते तेव्हा

पावशेर | शनिवार, रात्री ९:५०

परवा आमच्या मामांचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला. मामांचा रेल्वेशी संबंध तिकीट काढण्यापुरता. पण बोलायला उभे राहिलेल्या साहेबांनी का कोण जाणे, आगगाडीच पकडली. मामा म्हणजे इंजिन. मामी म्हणजे गार्ड, हिरवा झेंडा त्यांच्या हातात (टाळ्या). दोन मुलं म्हणजे दोन डबे. सहकारी म्हणजे रूळ. इथवर मंडळी खूश होती. मग साहेबांना थांबताच येईना. बदल्या म्हणजे जंक्शन, रजा म्हणजे क्रॉसिंग, मामांचा मधुमेह म्हणजे लाल सिग्नल. आणि शेवटी आवाज जड करून म्हणाले, "आता ही गाडी शेवटच्या स्टेशनाकडे निघाली आहे."

मामींचा चेहरा उतरला. मागून कोणीतरी "अहो, अठ्ठावन्नच आहेत अजून" म्हणालं. साहेबांनी "म्हणजे यार्डात, देखभालीसाठी" अशी डागडुजी केली, तोवर जिलबीची ताटं फिरायला लागली म्हणून निभावलं.

घरी आले. आईला रोज झोपण्याआधी ज्ञानेश्वरीच्या पाच-दहा ओव्या वाचून दाखवते. नुकतीच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय. म्हणजे समोर आला तो थेट गणपती. 'देवा तूंचि गणेशु' म्हटल्यावर ज्ञानोबा अख्ख्या वाङ्मयाचा गणपती घडवायला घेतात. स्मृती हे अवयव, अठरा पुराणं हे अंगावरचे दागिने, पदबंध हे रंगीत वस्त्र, काव्य-नाटकं म्हणजे कमरेच्या रुणझुणणाऱ्या घागऱ्या. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे सहा हात. आणि त्यावर लगेच, 'म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधें हातीं', म्हणजे दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही म्हणूनच प्रत्येक हातात वेगळं शस्त्र! इथे आई हसली. ती मराठीची शिक्षिका होती, आता वाचायला डोळे साथ देत नाहीत.

मग तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, असं करत करत हातातल्या तुटक्या दाताशी आले. मनात म्हटलं, आता ज्ञानोबांचंही शेवटचं स्टेशन आलं. इतकं सगळं सुंदर जमलेलं आणि मूर्तीत एक मोडकी वस्तू. पण ते म्हणतात:

'एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु । तो बौद्धमतसंकेतु । वार्तिकांचा ॥'

वार्तिककारांनी, म्हणजे वार्तिकं लिहिणाऱ्या टीकाकारांनी, ज्या बौद्ध मताचं खंडन केलं, तो हा खंडित दात. दात मोडला म्हणजे खंडित, मत खोडलं म्हणजेही खंडित. शब्द एकच! मोडकी वस्तू लपवली नाहीच, उलट तिच्यावर सगळ्यात पक्का खिळा मारला.

साहेबांची गाडी घसरली आणि हा गणपती शके १२१२ पासून उभा आहे. 'ते ज्ञानेश्वर होते' हे उत्तर मला नको आहे. कारागिरीत फरक कुठे पडला ते सांगा.

---

तळटीप | शनिवार, रात्री १०:३५

उत्तम धागा. नाव आधी घेऊन टाकतो म्हणजे पुढे भांडायला सोपं. हे सांगरूपक, म्हणजे अंगांसकट रूपक. 'मुखचंद्र' म्हणून सोडून दिलं तर ते निरंग. मुख चंद्र, हसू चांदणं, बघणारे डोळे चकोर असा अख्खा संसार मांडला तर सांग. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याचेही दोन प्रकार केलेत. एकात सगळी अंगं शब्दांत सांगितलेली असतात. दुसरं एकदेशविवर्ती, त्यात काही अंगं सांगायची आणि काही ऐकणाऱ्याने आपली आपण ओळखायची.

साहेबांना हा दुसरा प्रकार माहीत असता तर इंजिन आणि गार्डवर थांबले असते. शेवटचं स्टेशन लोकांनी मनात म्हटलं असतं आणि कोणी तोंडावर आणलं नसतं.

---

कडूकारलं | शनिवार, रात्री ११:१०

सगळे गहिवरायच्या आत माझं रडगाणं. मला सांगरूपक म्हणजे शाळेतला 'जोड्या लावा' हा प्रश्न वाटतो. अ गट, ब गट, मध्ये रेघा. विवेक म्हणजे अमुक, वैराग्य म्हणजे तमुक. कीर्तनकार एक जोडी लावतो, श्रोते मान डोलावतात, की पुढची जोडी. यात कविता कुठे आहे?

आणि गणपतीबद्दल बोलायचंच तर हिशेब तिथेही चुकलाय. सहा दर्शनांचे सहा हात झाले ना? मग काही ओव्या पुढे गेल्यावर 'मीमांसा श्रवणस्थानीं' म्हणून दोन्ही मीमांसा (पूर्व आणि उत्तर, उत्तर म्हणजेच वेदान्त) कानांच्या जागी पुन्हा कशा आल्या? वेदान्ताचा तर आधीच मोदक करून झालाय. एकच माणूस दोनदा हजेरी लावून गेला.

---

तळटीप | शनिवार, रात्री ११:३२

@कडूकारलं, पकडलंत बरोबर, पण ओवी अर्धीच वाचलीत. 'मज अवगमलिया दोनी । मीमांसा श्रवणस्थानीं'. म्हणजे 'मला आपलं असं वाटलं.' इतर ठिकाणी 'तोचि', 'तेचि' असं ठणकावून सांगणारा कवी इथे हळूच 'मज' म्हणतो. मीमांसा दोन, कान दोन, आणि श्रुतीचा अर्थ लावायचा तर आधी श्रवण हवं. हा मोह त्याला आवरला नाही, आणि मोह आहे हे त्याने कबूलही केलं. हिशेबनीस दुसऱ्यांदा हजेरी खोडून टाकतो, कवी ठेवून देतो.

बौद्ध मताबद्दल कोणी बोलायच्या आत: ती त्या काळातल्या वादाची एक बाजू आहे, आज ती कोणी मान्य करावी असं नाही. मला त्यात गंमत वेगळीच दिसते. खोडलेलं मत फेकून दिलेलं नाही, गणपतीच्या हातात आहे. तो दात काढून घेतला तर मूर्ती अपुरी.

---

फुंकणी | रविवार, सकाळी ७:१५

नेहमी वाचतो, लिहीत नाही. पण 'जोड्या लावा' वाचून राहवलं नाही.

आमचं घर सोनाराचं. माझ्या पिढीत धंदा सुटला, आजोबांचा मात्र हातोडा शेवटपर्यंत चालू होता. ते काम करताना नरहरी महाराजांचा अभंग म्हणायचे, 'देवा तुझा मी सोनार । तुझे नामाचा व्यवहार'. त्यात आमच्या दुकानातली झाडून सगळी अवजारं आहेत. 'देह बागेसरी' (बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी), त्रिगुणांची मूस, विवेकाचा हातोडा, ज्ञानाचा ताजवा. इथपर्यंत कडूकारलं यांचं म्हणणं मान्य, जोड्या आहेत. पण मध्येच ही ओळ येते:

'मनबुद्धीची कातरी । रामनाम सोने चोरी ॥'

'सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. शाळेत तर रोज. सोनार चोरतोच, हे सगळ्या गावाला पाठ. आणि हा सोनार, देवाच्या दुकानात बसून, देवालाच सांगतोय की मी सोनं चोरतो. भक्तीच्या अभंगात चोरीची कबुली! दुसऱ्या कुणाला सुचली असती का? सुचली असती तरी लिहायचा धीर झाला असता का?

आजोबांचं यावर एक म्हणणं होतं. दरोडेखोर लगड उचलून नेतो, सोनार तसं करत नाही. तो कातरीने गुंजभर कातरतो, आज इथलं, उद्या तिथलं, मालकाला पत्ता नाही. नाम तसं घ्यायचं. दिवसभराच्या कामातून कातरून, कुणाला न कळता. 'रात्रंदिवस ठोकाठोकी' चालू असताना मधल्या मधे.

ही जोडी नाही हो. ही आतल्या माणसाची खबर आहे.

---

अधेमधे | रविवार, सकाळी ९:०४

@फुंकणी दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

सेना महाराजांचा पण तसाच आहे, 'आम्ही वारीक वारीक । करू हजामत बारीक'. विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, आणि मग 'अहंकाराची शेंडी पिळू'. डोकं भिजवल्यावर शेंडीतलं पाणी पिळतात ते. अहंकार कापून टाकू, जाळून टाकू असं काही नाही, फक्त पिळू! गिऱ्हाईक शेंडी ठेवूनच घरी जाणार आहे, हे न्हाव्याला पक्कं ठाऊक.

---

कडूकारलं | रविवार, सकाळी ९:२०

शेंडीला हसलो. चोरीला गप्प बसलो. 'जोड्या लावा' अर्धं मागे घेतो. अर्धं भारुडांसाठी राखून ठेवलंय. एकनाथांच्या विंचवाला पहिल्याच ओळीत 'कामक्रोध विंचू चावला' म्हणून नावगाव चिकटवलंय. कोडं घालायच्या आधीच उत्तर.

---

जात्यावरची | रविवार, दुपारी २:४०

कारल्या, तू शहरातला दिसतोस. तुला विंचू चावलेला नाही.

आमच्या गावी यात्रेत रात्री भारूड व्हायचं. विंचू चावलेली बाई म्हणजे लुगडं नेसलेला गडी असायचा, तो लोळायचा, ओरडायचा, पोरं पोट धरून हसायची. मीही हसायची. अर्थ पहिल्या ओळीत सांगितलेला असतो हे खरंच, पण तिकडे लक्ष कोणाचं? लक्ष त्या लोळण्याकडे. मग उतारा येतो, तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा, विंचू झरझर उतरतो. वाटतं संपलं. तर नाथबाबा म्हणतात, 'किंचित् राहिली फुणफुण'.

मला सातवीत असताना सरपण काढताना चावला. रात्रभर रडून सकाळी ठणका गेला, पण बोटाला ती फुणफुण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. पेन धरलं की झिणझिण. 'राग गेला' म्हणणाऱ्या माणसाच्या आत पण तेवढी उरतेच की नाही? माझ्या तर उरते. ही फुणफुण शास्त्रात नाही सापडत, ज्याला चावला त्याच्या बोटात सापडते. नाथांनी ती शेवटी जनार्दनस्वामींवर सोपवली, उताऱ्यावर नाही.

---

ओपीडी | रविवार, दुपारी ४:१२

मावशी, तुमच्या प्रतिसादाला वैद्यकीय पुरवणी. त्याच भारुडात 'तम घाम अंगासी आला' असं आहे. लाल विंचवाच्या दंशात दरदरून घाम सुटणं हे अगदी सुरुवातीचं आणि महत्त्वाचं लक्षण. हातपाय गार पडतात, पुढे हृदयावर ताण येतो. कोकणात यानं माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून हे चित्र पालटलं, जगभर त्यांचं नाव झालं. घामाचं निरीक्षण मात्र पैठणला सोळाव्या शतकात लिहून ठेवलेलं आहे.

अवांतर: इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू दिसायला महाभयंकर, पण जिवावर बेतणारा बहुधा लहान लाल असतो. नाथांनी 'अति दारुण' इंगळीला म्हटलंय. ठणक्यापुरतं मान्य, बाकी रूपकाला सूट.

---

थंडीगार | रविवार, रात्री ११:५५ (इकडे संध्याकाळ)

उशिरा आले. इकडे इंग्लंडमध्ये या प्रकाराला 'कन्सीट' म्हणतात आणि त्याचा बादशहा जॉन डन. त्याची एक कविता आहे, परदेशी निघताना बायकोचा निरोप घेणारी. छापली गेली १६३३ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी. त्यात तो म्हणतो, आपण दोघं म्हणजे कंपासाचे दोन पाय. तोच, कंपासपेटीतला, वर्तुळ काढायचा. तू मध्ये रोवलेला पाय, मी फिरणारा.

शाळेत असताना मला हे हास्यास्पद वाटलं होतं. प्रेमात कसली भूमिती! मग एक दिवस मुलीच्या गृहपाठाला बसले आणि कंपास हातात घेऊन नीट पाहिलं. फिरणारा पाय लांब नेला की मधला पायही त्याच्याकडे झुकतो. जागा सोडत नाही, पण झुकतो. आणि दुसरा परत जवळ आला की हा पुन्हा ताठ उभा राहतो. डनने नेमकं हेच लिहिलंय. घरी राहिलेली बाई नुसती बसून नाही, तिचा कल बदलतोय. माझा नवरा दर महिन्याला दहा दिवस फिरतीवर असतो, त्यामुळे जास्त लागलं असेल.

अठराव्या शतकातला समीक्षक डॉ. जॉन्सन, त्याला डन आणि त्याच्यासारखे कवी, ही मंडळी मुळीच आवडली नाहीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या कल्पना बळजबरीने एका जुवाला जुंपल्यात, असा त्याचा ठपका. १९२१ मध्ये कवी टी. एस. एलियटने त्यांची बाजू घेतली आणि मग त्यांचे दिवस फिरले.

डन पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू झाला. तिथे त्याचा कफन पांघरलेला पुतळा आहे. १६६६ च्या आगीत जुनं चर्च गेलं, हा पुतळा वाचला. लंडनला आलात तर बघा.

आणि @फुंकणी, तुमच्यासाठी खास. त्याच कवितेत कंपासाच्या आधी सोनं आहे! आपली ताटातूट म्हणजे तुटणं नव्हे, सोनं ठोकून हवेइतकं पातळ करतात तसं पसरणं आहे, असं म्हणतो.

---

फुंकणी | सोमवार, सकाळी ६:५०

थंडीगारताई, हे वाचून सकाळी सकाळी अंगावर काटा आला. बरोबर आहे त्याचं. एक ग्रॅम सोन्याचा वर्ख चौरस मीटरभर पसरतो. लोखंड असं ठोकाल तर तडकेल. पण त्याला वर्ख करणारा भेटलेला असणार, किंवा त्याने दुकानात उभं राहून पाहिलेलं असणार. ऐकीव माणूस 'सोन्यासारखं प्रेम' म्हणून मोकळा होतो.

---

अधेमधे | सोमवार, सकाळी १०:३०

कंपासावरून आठवलं. कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत', 'विशाखा'मधलं. तिथेही वर्तुळच आहे, पण फिरणारी ती आणि मध्ये तो. बाकीचे ग्रहतारे मागे लागलेत, तिला त्यांच्यात रस नाही. आणि सूर्याचं लांब असणं हेच तिला चालतं. शाळेत बाईंनी 'त्याग, निष्ठा' असं फळ्यावर लिहून दिलं होतं. भूगोलाचे सर मात्र म्हणाले होते, "जवळ गेली तर जळेल, लांब गेली तर गोठेल, करणार काय बिचारी?" दोन्ही तास एकाच दिवशी होते. मला कविता भूगोलाच्या तासाला कळली.

---

कडूकारलं | सोमवार, दुपारी १:१५

बरं, शेवटचा हट्ट. बहिणाबाईंचा 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर'. त्यात 'जसा' आहे म्हणजे ती उपमा, रूपक नव्हे. मग या धाग्यात चालेल का नाही? @तळटीप, पोथी काढा.

---

तळटीप | सोमवार, दुपारी १:४०

पोथीप्रमाणे उपमा. पोथी बंद करून सांगायचं तर, 'आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर' ही ओळ आली की 'जसा' कुणाच्या लक्षात राहतो? आणि क्रम बघा. चटके आधी, भाकर नंतर. रोज भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा तो क्रम आहे, पंगतीला बसलेल्याला तो उलटाच दिसतो.

तुम्हाला नावगाव न चिकटवलेलं हवं होतं ना? मग मुक्ताबाई घ्या. 'मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळिलें सूर्याशीं'. मुंगी कोण, सूर्य कोण, काही सांगितलेलं नाही. आलंकारिक, म्हणजे अलंकारशास्त्राचे जाणकार, म्हणतात की अतिशयोक्तीच्या एका प्रकारात उपमान उपमेयाला गिळून टाकतं. ते शब्दच 'निगरण', 'निगीर्ण' असे वापरतात, म्हणजे गिळणं. आणि इथे मुंगीने सूर्य गिळलाय! हा योगायोगच असणार, पण मला तो फार आवडतो. पुढे माशी व्यायली तर घार झाली, आणि 'देखोनि मुक्ताई हांसली'. अर्थ सांगायच्या जागी ती हसते. कडूकारलं, लावा जोड्या.

---

कडूकारलं | सोमवार, दुपारी १:५२

__/\__

---

लूपलाईन | सोमवार, रात्री ९:२५

एवढा मोठा धागा आणि मूळ आगगाडीकडे कोणी वळलंच नाही. मी रेल्वेत आहे, म्हणून दोन शब्द.

पहिलं, जानेवारी २०२२ पासून गार्ड हे पदनाम गेलं, आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. साहेबांनी मामींची बढती बुडवली.

दुसरं, गार्ड असतो अगदी शेवटच्या डब्यात. इंजिनातून तो दिसत नाही, पण ब्रेक लावायची सोय त्याच्याही हाताशी असते. इंजिन कितीही जोर करू दे, मागून ब्रेक लागला की गाडी उभी. ज्यांच्या घरी मामी आहेत त्यांना याहून जास्त सांगायला नको.

तिसरं आणि महत्त्वाचं. शेवटच्या स्टेशनात गाडी संपत नाही हो. प्रवासी उतरतात, रेक (डब्यांची माळ) तसाच उभा असतो, धुतात, पाणी भरतात. परतीच्या फेरीला इंजिन या टोकाचं सुटतं आणि उलट्या टोकाला लागतं. म्हणजे येताना जिथे गार्ड बसला होता, ती बाजू आता पुढे.

---

पावशेर | सोमवार, रात्री १०:१०

@लूपलाईन, तुमचा प्रतिसाद मामींना फोनवर वाचून दाखवला. तिसऱ्या मुद्द्याला मामी म्हणाल्या, "पुन्हा वाच." मग मागे तोंड करून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का, उद्यापासून दूध तुम्ही आणायचं."